शालूच्या भावाचे कार्ड

काशीला जाऊन आलेल्या मराठी माणसाच्या पिशवीत गंगाजलाचा गडू असतोच, आणि घरात लग्न उभे राहिले असेल तर शालूही असतो. एरवी भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालणारी मंडळी शालू घेताना मात्र हात आखडता घेत नाहीत. मदनपुऱ्यातला नाहीतर पिली कोठीतला विणकर महिनोन् महिने मागावर बसतो, तेव्हा कुठे एक अस्सल रेशमी, जरीचा शालू उतरतो. त्याची किंमत लाखाच्या घरात गेली तरी घरातल्या बायकांचा हिशेब तयार असतो. आज लेकीला, उद्या सुनेला, परवा नातीला. तीन पिढ्यांत वाटला की भाव अगदीच परवडला!

आता याच बनारसमध्ये याच भावाची आणखी एक वस्तू घराघरांत भांडणे लावते आहे. ती अंगावर मिरवता येत नाही, देव्हाऱ्यात ठेवता येत नाही. लोखंडी डब्यात बसवून झाकण लावले की दिसतही नाही. तिचे नाव ग्राफिक्स कार्ड.

ब्रह्माघाट, दुर्गाघाट, दूध विनायक या भागांत मराठी घरे पिढ्यान् पिढ्या नांदत आहेत. तिथल्या एखाद्या घरात काय, किंवा बनारसपासून बारामतीपर्यंत कुठल्याही घरात काय, संवाद ठरलेला असतो. चिरंजीव म्हणतात, “बाबा, कॉम्प्युटरला नवीन कार्ड हवंय.” बाबा विचारतात, “केवढ्याला?” उत्तर ऐकून बाबांचे डोळे पांढरे होतात. “अरे, एवढ्यात स्कूटर येते!” आणि आतून आजीचा आवाज येतो, “कसलं कार्ड? रेशनचं का?”

आजीचा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. हे कार्ड नेमके करते तरी काय? कॉम्प्युटरचा पडदा म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. साध्या फुल एचडी पडद्यावर सुमारे २० लाख ७० हजार ठिपके असतात. फोर-के म्हणतात त्या पडद्यावर चौपट, म्हणजे ८३ लाखांच्या जवळपास. गेम खेळताना ही रांगोळी सेकंदाला साठ वेळा पुसून नव्याने काढावी लागते. म्हणजे सेकंदाला जवळजवळ ५० कोटी ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याचा रंग, उजेड, सावली स्वतंत्रपणे ठरवायची. कॉम्प्युटरचा मुख्य प्रोसेसर हुशार खरा, पण तो एकटा हेडमास्तर. ग्राफिक्स कार्ड म्हणजे हजारो पोरांची फौज. प्रत्येक पोराला एकच सोपे गणित, पण सगळ्यांनी एकाच वेळी सोडवायचे. आरटीएक्स ४०९० या गाजलेल्या कार्डात अशी १६,३८४ ‘पोरे’ आहेत.

हे कार्ड काढणारी एनव्हिडिया ही अमेरिकन कंपनी १९९३ साली तीन इंजिनिअरांनी सुरू केली. १९९९ मध्ये तिने ‘जीफोर्स २५६’ आणले आणि जगातला पहिला जीपीयू अशी त्याची जाहिरात केली. तेव्हापासून दर दीड-दोन वर्षांनी नवे कार्ड आणि आधीच्या कार्डाच्या मालकाच्या तोंडाला फेस, हा क्रम चालू आहे. आरटीएक्स ४०९० ऑक्टोबर २०२२ मध्ये आले तेव्हा अमेरिकेत किंमत १,५९९ डॉलर आणि भारतात १ लाख ५५ हजार रुपयांपासून पुढे. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा थोरला भाऊ आरटीएक्स ५०९० अवतरला. त्याचा भाव भारतात २ लाख १४ हजारांपासून. कंपनी जाहीर करते ती किंमत आणि दुकानदार सांगतो ती किंमत यांत मात्र अंतर पडते, आणि ते गिऱ्हाइकाच्या बाजूने क्वचितच असते.

पण किंमत मोजून कार्ड घरी आणले म्हणजे झाले, असे नाही. खरी कथा तिथून सुरू होते.

पहिला धक्का आकाराचा. कार्ड म्हटले की डोळ्यांसमोर पत्त्यांचा नाहीतर पोस्टाचा तुकडा येतो. हे कार्ड फूटभर लांब आणि पाटावरवंट्यातल्या वरवंट्यासारखे जाड. वजन दोन किलोंच्या पुढे. जुन्या कॅबिनेटमध्ये ते मावत नाही, म्हणून नवे कॅबिनेट. मावले तरी मदरबोर्डाच्या एका खाचेत आडवे लटकते आणि एका टोकाने हळूहळू खाली झुकते, म्हणून त्याला खालून टेकू द्यायचा. बनारसच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. शिंद्यांनी एकोणिसाव्या शतकात बांधलेला घाट स्वतःच्याच भाराने खचला, पुढे तो नव्याने बांधावा लागला. आणि शेजारचे रत्नेश्वर महादेवाचे देऊळ आजही कललेलेच उभे आहे. ज्याचा पाया तोलाचा नाही त्याने भार वाढवू नये, एवढा धडा तिथे फुकट मिळतो.

दुसरा धक्का विजेचा. ४०९० पूर्ण जोरात चालले की ४५० वॅट खाते, ५०९० तर ५७५ वॅट. कंपनीच सांगते की पहिल्यासाठी ८५० वॅटचा आणि दुसऱ्यासाठी १,००० वॅटचा पॉवर सप्लाय घ्या. म्हणजे आणखी दहा-पंधरा हजारांना चाट. वीजबिल त्यामानाने गरीब बिचारे. कार्ड रोज चार तास पूर्ण जोरात चालवले तर महिन्याला ५४ युनिटे. युनिटला सात रुपये धरले तर ३७८ रुपये. दीड लाख मोजणाऱ्याला हे काहीच नाही. गंमत होते ती वीज गेल्यावर. घरातला इन्व्हर्टर चार पंखे आणि सहा दिवे ओढायच्या बेताने घेतलेला असतो. त्याच्यावर हा कॉम्प्युटर टाकला की इन्व्हर्टर किंचाळतो आणि पंख्यांसकट बसतो. दोन-तीन हजारांचा लहान यूपीएस तर अशा यंत्रापुढे क्षणभरही टिकत नाही. गल्लीतल्या शंभर वर्षांच्या घरात वायरिंग जुने, अर्थिंगचा पत्ता नाही. तिथे कार्डाआधी इलेक्ट्रिशियन बोलावणे शहाणपणाचे. पण इलेक्ट्रिशियनचे फोटो मित्रांना दाखवता येत नाहीत, म्हणून तो शेवटी येतो.

विजेवरून आठवले. ४०९० बाजारात आल्यावर महिन्याभरातच जगभरच्या मालकांनी एक तक्रार केली. कार्डाला वीज पुरवणारा सोळा पिनांचा नवा जोड काही जणांकडे चक्क वितळला होता. दीड लाखाचे कार्ड आणि टोकाला जळकट प्लास्टिक! मालक लोकांच्या तोंडचे पाणी पळाले. नोव्हेंबर २०२२ मध्ये कंपनीने सांगितले की जगभरात अशी सुमारे ५० प्रकरणे आपल्याकडे आली आहेत आणि मुख्य कारण म्हणजे जोड पूर्ण आत बसवलेला नाही. मालकांना हे काही पटले नाही. जो जोड नीट बसला की नाही हे माणसाला कळत नाही, त्याचा दोष माणसाचा की जोडाचा? पुढे या जोडाची रचना सुधारून पिनांची लांबी बदलण्यात आली, तरी २०२५ मध्ये ५०९० च्या काही मालकांनी पुन्हा तीच तक्रार केली. म्हणून जाणकार दुकानदार आजही सांगतात, की जोड ‘टक’ होईपर्यंत दाबा, बॅटरीच्या उजेडात फट दिसत नाही ना ते बघा आणि वायर लगेच मुडपू नका. दीड लाखाच्या वस्तूला ही काळजी गॅसच्या रेग्युलेटरइतकीच घ्यावी लागते.

तिसरा धक्का उन्हाचा, आणि बनारसमध्ये तोच सगळ्यांत मोठा. कार्ड जेवढी वीज खाते तेवढी सगळी उष्णता होऊन खोलीत पडते. त्यात चोरी नाही. कार्ड आणि बाकीचा कॉम्प्युटर मिळून ६०० ते ७०० वॅट, म्हणजे खोलीत बारीक शेगडी पेटवल्यासारखेच. पौषातल्या धुक्यात हे सुखाचे वाटते, हात शेकतात. पण मे महिन्यात बनारसचा पारा ४४-४५ अंशांवर चढतो, लू वाहते, गच्चीलगतची खोली भट्टी होते. परदेशी मासिकांत कार्डाचे तापमान ६५ अंश लिहिलेले असते, पण ते वातानुकूलित खोलीतले. खोली पंधरा अंशांनी तापली की कार्डही साधारण तेवढेच चढते. ४०९० ची मर्यादा ९० अंशांची आहे. तिथवर गेले की ते जीव वाचवायला आपला वेग आपणच कमी करते. म्हणजे दीड लाखाची गाडी घेतली आणि दुसऱ्या गिअरमध्ये चालवली. मग मुलगा म्हणतो, “बाबा, खोलीला एसी लागेल.” गच्चीवरची धूळ, घाटावरचा दमटपणा हे वेगळेच. दोन महिन्यांनी पंख्यांवर राखाडी लोकर चढते आणि ती ब्रशने काढायचे काम बहुधा आईकडे येते.

एवढे करून पडद्यावर काय दिसते? इथे अनेक मालकांचा खरा अपेक्षाभंग होतो. पैसे कार्डात संपले म्हणून पडदा जुनाच राहिलेला असतो, साधा फुल एचडी, सेकंदाला साठ चित्रे दाखवणारा. कार्ड दीडशे चित्रे तयार करते, पडदा साठच दाखवतो. उरलेली नव्वद वाया. हे म्हणजे पाच शेरांच्या दुधाला एका शेराची चरवी. प्रोसेसर जुना असला तरी तेच. फौज तयार आणि हुकूम देणारा हेडमास्तर डुलक्या काढतोय. ऑनलाइन गेम अडखळतो तो तर बहुतेक वेळा कार्डामुळे नव्हेच, इंटरनेटच्या लाइनमुळे. त्यावर पाच लाखांचे कार्ड घातले तरी इलाज नाही. बनारसच्या लाइनची तर तऱ्हाच वेगळी. २०१५ मध्ये गंगाकाठी वायफायसाठी टाकलेल्या फायबरच्या तारा माकडांनी कुरतडून टाकल्याची बातमी जगभर छापून आली होती!

मग ही वस्तू घेऊच नये का? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्यांनी मोठा फोर-के पडदा, योग्य प्रोसेसर आणि थंड खोली यांच्या जोडीला हे कार्ड घेतले ते खूश आहेत. पावसातले दिवे ओल्या रस्त्यावर खऱ्यासारखे चमकताना त्यांनी पाहिले आहेत, आणि तीन वर्षांनंतरही नवा गेम त्यांना सेटिंग न उतरवता खेळता येतो. कार्डाचा गेमपलीकडचा उपयोग तर आणखी मोठा. व्हिडिओ एडिटिंग करणारा, ब्लेंडरसारख्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर थ्री-डी चित्रे करणारा, मशीन लर्निंग शिकणारा, या सगळ्यांचे रात्रभराचे काम तासा-दोन तासांवर येते. तिथे कार्ड हे खेळणे नसून शिवणयंत्र ठरते.

याची एक गोष्ट फार बोलकी आहे. २०१२ मध्ये टोरांटो विद्यापीठातल्या अ‍ॅलेक्स क्रिझेव्हस्की नावाच्या विद्यार्थ्याने आईवडिलांच्या घरातल्या आपल्या खोलीत एक कॉम्प्युटर लावला. त्यात दोन जीटीएक्स ५८० कार्डे, म्हणजे तेव्हा दुकानात मिळणारी गेम खेळायचीच कार्डे. बाजारात आले तेव्हा एकाची किंमत ४९९ डॉलर. त्यावर पाच-सहा दिवस सलग गणित चालवून त्याने चित्रे ओळखणारा प्रोग्रॅम शिकवून तयार केला आणि इमेजनेट नावाच्या स्पर्धेत सगळ्यांना मागे टाकले. आजची कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट तिथून उसळली असे मानतात. त्याचे गुरू जेफ्री हिंटन यांना २०२४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. ती कार्डे महाग होती, पण जगातली सर्वांत महाग नव्हती. पोराकडे काम होते.

बनारसमधल्या मुलाला तर अशा मोठ्या गणितासाठी घरचेच कार्ड पाहिजे असेही नाही. गंगेपासून फार लांब नाही अशा आयआयटी बीएचयूमध्ये फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘परम शिवाय’ हा महासंगणक सुरू झाला. तो उभारला पुण्याच्या सी-डॅकने, त्याच संस्थेने जिने डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ बनवला होता. विश्वनाथाच्या नगरीत पुण्याच्या मंडळींनी शिवाचे नाव दिलेले यंत्र बसवावे, हा योग मराठी माणसाला सुखावणाराच. या यंत्रातही ग्राफिक्स प्रोसेसर आहेत, फक्त त्यांच्यावर गेम कुणी खेळत नाही. शिवाय जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने १८,६९३ जीपीयूंची सामायिक सोय जाहीर केली. संशोधक, विद्यार्थी, नवे उद्योग यांना ती सवलतीनंतर तासाला शंभर रुपयांच्या आत पडेल असे तेव्हा सांगण्यात आले. शंभराच्या भावानेही १ लाख ५५ हजारांत १,५५० तास होतात. ‘अभ्यासासाठी हवंय’ असे म्हणणाऱ्या चिरंजीवांपुढे हे गणित मांडून बघावे. चेहऱ्यावरून अभ्यास कोणता ते कळते.

आता भावाकडे वळू. शालू तिजोरीत पडून जुना होतो, तसा त्याचा मान वाढतो. कार्ड पडून पडून नुसतेच जुने होते. पण या नियमाला एक विचित्र अपवाद घडला. सप्टेंबर २०२० मध्ये आरटीएक्स ३०८० भारतात ७१ हजारांच्या जाहीर किमतीला आले आणि दुपटीनेही मिळेना. कोविडमुळे चिप्सचा तुटवडा, त्यात घरात अडकलेली पोरे, आणि सगळ्यांत मोठे गिऱ्हाईक म्हणजे ‘इथेरियम’ हे आभासी नाणे पाडणारे. ते शेकड्याने कार्डे मांडून रात्रंदिवस चालवत. वापरलेली कार्डे नव्याहून चढ्या भावाने गेली. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने आपली पद्धत बदलली आणि त्या नाण्याला कार्डांची गरजच उरली नाही. रातोरात ढीगभर वापरलेला माल बाजारात आला, भाव कोसळले. चढत्या भावात घेतलेल्यांनी कपाळाला हात लावला. पुढे ४०९० च्या वाट्याला मात्र उलटे नशीब आले. त्याची २४ जीबी मेमरी एआयवाल्यांना हवीहवीशी झाली, ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेने त्याच्या चीनला होणाऱ्या निर्यातीवर बंधने घातली, आणि नव्या मालाचे उत्पादन बंद झाल्यावरही जुन्याला मागणी राहिली. हे असे पुन्हा होईल म्हणून कार्ड घेणे म्हणजे सट्टा. त्याला गुंतवणूक म्हणू नये.

वापरलेले कार्ड घेताना म्हणूनच डोळे उघडे ठेवावेत. मूळ बिल आहे का, त्यावरचा नंबर कार्डावरच्या नंबराशी जुळतो का, वॉरंटी किती उरली (बहुतेक कंपन्या तीन वर्षांची देतात), आणि विकणाऱ्याच्याच घरी अर्धा तास जोरात चालवून पंखे घरघरतात का, हे पाहावे. ‘कमी वापरलेले आहे’ या वाक्याला लग्नाच्या स्थळातल्या ‘मुलगा निर्व्यसनी आहे’ एवढीच किंमत द्यावी.

बहुसंख्य घरांना खरे तर मधल्या भावाचे कार्ड पुरते. जून २०२३ मध्ये आलेले आरटीएक्स ४०६० अमेरिकेत २९९ डॉलरला होते, भारतात तीस हजारांच्या आसपास, आणि वीज खात होते ११५ वॅट. फुल एचडी पडद्यावर त्याचे मालक सुखाने खेळतात, इन्व्हर्टरही फार कुरकुरत नाही. दीड लाखाच्या कार्डातून पाचपट आनंद मिळतो असे त्याचा मालकही खाजगीत म्हणत नाही.

गंमत म्हणजे बनारसला ‘कार्ड’ काही नवे नाही. मागावर नक्षी उमटवायला भोके पाडलेले पुठ्ठ्याचे तुकडे लागतात. जकार्ड मागाचे ते पत्ते एका साडीला शेकड्यांनी, कधी हजारांनी लागतात. आलेखाच्या कागदावर चौकोन रंगवून फुले, वेली, कोयऱ्या काढायच्या आणि चौकोनाप्रमाणे भोके पाडायची, म्हणजे ठिपक्यांचीच रांगोळी. १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये जोसेफ जकार्डने काढलेल्या या पत्त्यांची कल्पनाच पुढे कॉम्प्युटरवाल्यांनी उचलली. आता बनारसमध्ये ही डिझाइने कॉम्प्युटरवर काढली जातात. त्यासाठी लागणारे यंत्र साधेच असते, कारण सपाट नक्षीला महागडे कार्ड काही जास्त देऊ शकत नाही. लाखाचा शालू निघतो तो अशा साध्या कॉम्प्युटरमधून.

दोन्ही वस्तू घरात एकदम आल्याच, तर एक गोष्ट आईने आधीच ताब्यात घ्यावी. कार्डाचा खोका. तो भलामोठा असतो, आत नुसता स्पंज, बिल आणि एक टेकू. दिवाळीच्या साफसफाईत तोच आधी रद्दीत जातो. पण दोन वर्षांनी कार्ड विकायला काढले की गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारते, “खोका आणि बिल आहे का?” तेव्हा खोका कपाटावर राहू द्यावा, शालूच्या खोक्याशेजारी. डांबरगोळ्या मात्र शालूलाच लागतात.